माझी मडकी अजून भरलेलीच

१२ जून

माझं आयुष्य आज उतरत्या दुपारी, असरच्या बांगेनंतर लगेच बदललं. पुढे आठवताना गडबड नको म्हणून ताबडतोब लिहितोय. मी गच्चीवर आईने, आमच्या उम्मीने, वाळत घातलेला गव्हाचा कुसकुस हलवत होतो. निवडुंगाच्या बांधापलीकडून शेजारच्या इश्राकने मान वर करून विचारलं, "शिहाब, तुला बागेतलं कळतं ना?"

कळतं म्हणालो. आवाज जरा चिरकला, पण वारा होता.

तिचे वडील हाज मबरूक जुन्या घराचं गेस्ट हाऊस करताहेत. कल्पना तिचीच. सप्टेंबरात पहिले पाहुणे येणार. घरामागची जागा उजाड आहे, तिथे बाग हवी. पण चौकाखालच्या टाक्यात पावसाचं साठतं तेवढंच पाणी, नळाचा भरवसा नाही. म्हणाली, बाग अशी हवी की बेटाला तिचा भार होऊ नये. इतकं सुंदर वाक्य कोणी सहज बोलत नाही. माझ्यासाठी जपून ठेवलं असणार.

कुसकुस थोडा सांडला. उम्मी बोलली. दुर्लक्ष केलं.

१३ जून

डिझाइन सुरू. मी कृषी कॉलेजात दीड वर्ष काढलंय, म्हणजे बेटावर या विषयात माझ्या तोडीचा कोणी नाही. कॉलेज मी सोडलं ते तत्त्वासाठी. माझ्या शेजारच्या बाकावरच्या मुलाला माझ्यापेक्षा जास्त मार्क दिले. मी सरांना स्पष्ट विचारलं, आणि प्रयोगशाळेचं दार लावून बाहेर पडलो. दार थोडं जोरात लागलं. काच आधीपासूनच सैल होती.

संकल्प: चिडायचं नाही. सिगरेट बंद. इश्राकला सप्टेंबरच्या आत विचारायचं.

१६ जून

हाजना प्लॅन दाखवला. हिरवळ अजिबात नाही, हिरवळ म्हणजे पाणी पिणारी गाय. रोजमेरी, जिरेनियम, कोरफड, डाळिंबाची दोन झाडं, सावलीला खजुराच्या झावळ्या. हाज ऐकत होते. शेवटी म्हणाले, बघू. त्यांचं "बघू" म्हणजे दुसऱ्याचं "हो".

सालिहा खालतीने, म्हणजे सालिहा मावशीने, इश्राकच्या आईने, चहा दिला. ग्लासात बदाम होते. बदाम उगाच कोणी घालत नाही.

१९ जून

आजच्या फेरीबोटीने एक वजदी नावाचा माणूस आला. ल्यॉंहून. आम्ही या गल्लीत राहायला आलो त्याच्या आधीच तो फ्रान्सला गेलेला, त्यामुळे मी कधी पाहिला नव्हता. पाहिला नसता तरी चाललं असतं. बागांचं डिझाइन हाच त्याचा धंदा. डिप्लोमा पूर्ण केलाय म्हणे. पूर्ण करण्यात काय विशेष, कोणीही पूर्ण करतं.

दार न वाजवता घरात शिरला. खालतीच्या कपाळाचं चुंबन घेतलं. ती त्याला "माझ्या बाळा" म्हणाली. अर्थात ती मांजरालाही तेच म्हणते.

इश्राक पळत आली. पळत.

संध्याकाळी उम्मी वजदीबद्दल काहीतरी सांगायला लागली. मी हात वर केला. त्या माणसाचं नाव या घरात निघणार नाही म्हणालो. आमच्या स्वयंपाकघराचं दार जुनं आहे, जरासं लावलं तरी आवाज करतं.

२० जून

हाजनी तोडगा काढला. मागच्या जागेत मधून पायवाट. पूर्वेची बाजू वजदीची, पश्चिमेची माझी. ज्याची बाग ऑगस्टच्या मध्यापर्यंत चांगली दिसेल त्याच्याकडे बाहेरची मोठी जागाही. मी लगेच कबूल झालो. वजदी हसला, हात पुढे केला, म्हणाला, "शिहाब, भावा, मजा येईल." भावा! ओळख ना पाळख.

त्याचा हात मऊ आहे. माळ्याचा हात असा नसतो. माझाही मऊच आहे, पण मला अजून सुरुवात करायचीय.

२१ जून

गच्चीवरून त्याचं काम पाहिलं. (मी गच्चीवर कुसकुससाठीच जातो.) तो पाण्याचा पाइप टाकतच नाहीये. गलाला गावच्या कुंभारांकडची मडकी आणून झाडांच्या मधे गळ्यापर्यंत पुरतोय. मडक्यात पाणी, वर चपटा दगड. जिथे लागेल तिथे मडकं मुळांना हळूहळू पाणी देतं म्हणे. आमच्याच बेटाची मडकी, आमचीच जुनी पद्धत, आणि ल्यॉंहून येऊन हा आम्हालाच शिकवणार.

ही कल्पना मला आधीच सुचली होती. लिहून ठेवली नव्हती एवढंच.

इश्राकने त्याला दगड उचलून दिले. तीन. लहान होते, त्याचे त्याला उचलता आले असते.

२४ जून

मोपेडवर गलालाला गेलो. कुंभाराकडे मांडलेल्या ढिगातून त्या फ्रान्सवाल्याने साधी, मातकट मडकी निवडून नेल्याचं कळलं. रंग नाही, रूप नाही. पाहुणे काय म्हणतील? मी म्हणालो, त्याने नेली त्याच्या उलट दाखवा. कुंभाराने आत नेऊन हिरवी चकचकीत झिलई दिलेली मडकी दाखवली. आतून झिलई, बाहेरून झिलई, आरशासारखी. कुंभार विचारत होता कशाला हवीत. मी म्हणालो, शहाण्या गिऱ्हाइकाला प्रश्न विचारत नाहीत.

मोपेडवर बांधून आणताना रस्त्यात लोक वळून बघत होते.

उम्मी म्हणाली, "एवढी जैतुनं मुरवणार आहेस का तू?" लोणच्याच्या बरण्या वाटल्या तिला. हिला डिझाइन कळत नाही.

२८ जून

लागवड पूर्ण. मडकी पुरली, काठोकाठ भरली, रोपं लावली, त्या दिवसापुरतं वरून पाणी घातलं.

आता गुपित. रोजमेरी मी एका रांगेत लावलीय, आणि ती रांग म्हणजे इश्राकच्या नावाचं पहिलं अक्षर, अलिफ, अरबीतली उभी रेघ. गच्चीवरून वाचता येतं. एका मुलीच्या नावाचं अक्षर जमिनीवर उगवून येणार, असं त्या ल्यॉंवाल्याला जन्मात सुचलं नसतं.

हाज येऊन बराच वेळ बघत उभे राहिले. विचारलं, ही सरळ रेघ का काढलीस? म्हणालो, कळेल.

इश्राक म्हणाली, कुंपण आहे का? मी नुसता हसलो.

५ जुलै

महत्त्वाची नोंद. आज दगड उचलून मडकी पाहिली. माझी सगळी भरलेली! आठवडा झाला, पाणी तसूभर उतरलेलं नाही. तिकडे वजदी आज घागरी घेऊन आपली मडकी पुन्हा भरत होता. टाक्यातलं पाणी, पावसाचं पाणी, असं उधळतोय. आणि म्हणे पर्यावरण.

पाणी वाचवणं हाच मुद्दा असेल तर मी आताच जिंकलोय.

९ जुलै

हाजना पश्चिमेला नेऊन दगड उचलून दाखवला. भरलेलं. दुसरा. भरलेलं. हाजनी डोक्यावरची टोपी मागे सरकवली आणि म्हणाले, "अल्ला तुझं भलं करो, पोरा. माझ्या बापाने असं पाणी वाचवलं नव्हतं." हे वजदीसमोर म्हणाले. वजदीने भुवया वर केल्या आणि वाकून मडक्याच्या आत बघायला लागला. मी पटकन दगड ठेवला. त्याला माझी पद्धत चोरायची असणार.

जाताना म्हणाला, शिहाब, एक मडकं बाहेर काढून बघूया का. म्हणालो, तुझी तू बघ.

आनंदात एक सिगरेट. ही मोजायची नाही.

१४ जुलै

तीन दिवस दक्षिणेकडून शहिली, वाळवंटाचा वारा, वाहतोय. तोंड भाजतं. माणसं घरात, मांजरं मोपेडखाली.

रोजमेरी जरा करडी दिसतेय. जिरेनियमची पानं कागदासारखी झालीत. याला शास्त्रात उन्हाळी झोप म्हणतात. झाड हुशार असतं, शक्ती राखून ठेवतं. पहिल्या वर्षाला शिकवलं होतं. (शिकवलं नसेल तर मी वर्गात नसतानाचं असेल.)

वजदीची झाडं हिरवीगार. झोपतच नाहीत. थकून मरतील.

१८ जुलै

आज इश्राक एकटी आली. पश्चिमेच्या बाजूला उकिडवी बसली, मूठभर माती उचलली, बोटांतून सोडली. पिठासारखी उडाली. म्हणाली, ही इतकी कोरडी कशी रे? मी म्हणालो, माझी मडकी भरलेली आहेत. ती म्हणाली, मडकी भरलेली आहेत ते कळलं. मी विचारते माती कोरडी का.

बोलता बोलता माझ्याकडे बघत होती. तिच्या कपाळावर घाम होता आणि भुवईला माती लागलेली. मला सांगायचं होतं की माती लागलीय. सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुसली असती.

काळजी वाटतेय तिला. माझी.

त्याच वेळी वजदीने हाजच्या गच्चीवरून तिला हाक मारली आणि ती "आले" म्हणून गेली. तिचं नाव नुसतं घेतलं त्याने. पुढे मागे काही नाही. नुसतं "इश्राक". मी दोन वर्षं शेजारी राहून असं घेऊ शकलेलो नाही.

२२ जुलै

घाव.

पहाटे उठून आमच्या दाराच्या वेलीवरच्या मोगऱ्याच्या बंद कळ्या तोडल्या, काड्यांवर गुंफून तुरा बांधला. उम्मीने दोरा दिला, हसली फक्त. तुरा हाजच्या मागच्या निळ्या दाराच्या कडीत अडकवला. इश्राक सकाळी त्याच दाराने बाहेर पडते.

दुपारी कॅफेत वजदी. कानामागे माझा तुरा.

दोरा आमचाच. उम्मीचा लाल दोरा मी ओळखतो.

मी उठून त्याच्या टेबलाशी गेलो आणि विचारलं, हा कुठून आला. म्हणाला, इश्राकने कानावर खोचला, म्हणाली तुझं तोंड फार गंभीर असतं. आणि हसून पुढे काहीतरी सांगायला लागला, तुझ्याबद्दलच बोलत होतो म्हणून. मी ऐकलं नाही. कॉफीचा कप माझ्या हातून पडला. हात आडवा गेला होता. फुटलेल्या कपाचं कॅफेवाल्याशी मी नंतर बघेन.

कॅफेला दार नाही, नुसती मण्यांची माळ आहे. ती आपटता येत नाही.

२६ जुलै

गच्चीवरून दिसलं म्हणून लिहितो. मी बघायला गेलो नव्हतो. वजदी चौकात टरबूज कापत होता आणि ती शेजारी बसलेली. डोक्यावर रुमाल नाही. केस मोकळे, ओले. खालती तिथेच होती आणि तिला काही वाटलं नाही! परका पुरुष समोर बसलाय, मुलगी केस मोकळे सोडून टरबुजाच्या बिया त्याच्या अंगावर फेकतेय, आणि आई भाजी निवडतेय. फ्रान्सहून आलं की सगळं माफ.

तिचे केस कमरेपर्यंत आहेत. मला माहीत नव्हतं.

जेवलो नाही. उम्मी ताट घेऊन आली, अंथरुणाशी बसली, म्हणाली, "शिहाब, त्या वजदीची आई तो झाला तेव्हा आजारी होती, तर सालिहाने..." मी उशी कानावर धरली. त्या घराच्या उपकारांच्या गोष्टी मला ऐकायच्या नाहीत. उम्मी म्हणाली, ऐकणार नाहीस तर बस असाच. बसलो.

२ ऑगस्ट

ठरलं त्यांचं. मी डोळ्यांनी पाहिलं. वजदी हाजना बाजूला डाळिंबाखाली घेऊन गेला (त्याच्या डाळिंबाखाली, माझ्या डाळिंबाची सावली तूर्त पडत नाही). हळू आवाजात बराच वेळ बोलला. हाज मान हलवत राहिले. मग त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. मुलगी मागताना असंच होतं. दुसरं काय मागणार, फावडं?

आणि मधेच दोघांनी माझ्या घराकडे बघितलं. माझ्यावर हसायला.

६ ऑगस्ट

हाजच्या घरी डास फार झालेत. खालती बोट दाखवते ती पश्चिमेकडे. मी सांगितलं, वजदी कपडे धुतलेलं पाणी चर खणून झाडांना देतो, त्यात डास होतात. खालती म्हणाली, ते पाणी तर पडताक्षणी माती पिऊन टाकते. मी म्हणालो, डासांना तेवढा क्षण पुरतो. शास्त्र आहे.

मडकी अजून भरलेलीच. आतलं पाणी थोडं वळवळतं. जिवंत पाणी. निसर्गाचा समतोल.

१० ऑगस्ट

उलगडा झाला. कसा काय हे आधी सुचलं नाही! माझ्या मडक्यांतलं पाणी कमी होत नाही तर त्याच्या मडक्यांतलं होतं कसं? आणि तरी झाडं हिरवी कशी? उत्तर एकच. तो टाक्यातून चोरून पाणी उपसून झाडांच्या मुळाशी ओततो. मडकी नुसता देखावा.

पकडायचं म्हणून भर दुपारी, सगळे झोपलेले असताना, निवडुंगाच्या बांधावर पालथा पडून पाळत ठेवली. तो आला नाही. म्हणजे त्याला कळलं होतं. ऊन लागलं. उम्मीने कपाळावर व्हिनेगरच्या पट्ट्या ठेवल्या आणि पाठीतले काटे चिमट्याने काढले. किती काढले ते सांगत होती. मी पुराव्यांचा विचार करत होतो.

१४ ऑगस्ट

उद्या शुक्रवार. नमाजानंतर हाजकडे जेवण, मग निकाल. मी सगळ्यांसमोर बोलणार. शांतपणे. मुद्देसूद. आधी पाण्याची चोरी, मग त्याचं वागणं. इश्राकचे डोळे उघडतील. तिला त्याच्यापासून वाचवण्याचा हा शेवटचा दिवस आहे.

निळा शर्ट इस्त्री केला. संकल्प: चिडायचं नाही.

१५ ऑगस्ट

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो, कारण गल्लीत उद्या उलटसुलट सांगतील.

कुसकुस छान होता. वरती ऑक्टोपस. मी शांत होतो. ग्लासातले बदाम खाल्ले. मग सगळे मागे गेलो. पूर्व हिरवी. पश्चिमेचा अलिफ उभा होता, फक्त काड्यांचा.

मी बोललो. पाण्याचा मुद्दा मांडला. चोरी हा शब्द वापरला. हाजचा चेहरा बदलला. वजदी गुडघ्यावर बसला, आणि आपलं एक मडकं मातीसकट उकरून वर काढलं. मडकं बाहेरून ओलं. भोवती पांढरी बारीक मुळं, इतकी दाट, की लहान मुलाने आईची मान धरावी तशी मडक्याला धरून बसलेली. ती सोडवायला इश्राक खाली बसली. एकेक करून, हलक्या हाताने.

मग वजदी म्हणाला, आता तुझं काढू का?

मीच काढलं. एका झटक्यात निघालं. काही धरून बसलेलं नव्हतं. बाहेरून स्वच्छ, हिरवं, कोरडं, जसं आणलं तसंच. उन्हात चमकत होतं. आत पाणी काठोकाठ, जूनचं, आणि त्यात डासांची पोरं वळवळत होती.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

हाज म्हणाले, "पोरा, झिलईच्या बरणीतून पाणी झिरपायला लागलं असतं तर माझी जैतुनं कधीच मुरली नसती."

तिथे थांबायला हवं होतं हे मला आता कळतं. पण माझा दुसरा मुद्दा शिल्लक होता. मी म्हणालो की पाण्याचं सोडा, हा माणूस परका असून घरात दार न वाजवता शिरतो, हिच्या उघड्या डोक्यासमोर बसतो, आणि तुम्ही सगळे बघता. इश्राककडे बोट दाखवून म्हणालो. बोट दाखवायला नको होतं.

सालिहा खालती मांडीवरचं फडकं झटकून उठली. ओरडली नाही. "याच्या आईला ताप होता. चाळीस दिवस या दोघांना मी एकाच मांडीवर पाजलंय. डाव्या अंगाला हा, उजव्या अंगाला ही. दूधभाऊ आहे तो तिचा. निकाह सोड, मनात आणणंही पाप आहे. सगळ्या गल्लीला माहीत आहे. तुझ्या आईलाही मी सांगितलं होतं, तिने सांगितलं नाही तुला?"

सांगत होती. मी उशी धरली होती.

मग हाज बोलले. वजदीला विचारून बोलले, सांगू का म्हणून. दोन तारखेला डाळिंबाखाली वजदीने माझ्यासाठी शब्द टाकला होता. म्हणाला होता की पोरगा डोक्याने गरम आहे, मडकी चुकलीत, पण मनाने सच्चा आहे, बाहेरच्या बागेत मी त्याला हाताखाली घेतो, शिकवतो. आणि जावई म्हणून घरात घ्यायला तुमच्या लेकीची ना नाही. मी विचारलेलंच नव्हतं, आणि ना नव्हती! तुराही तिला मिळालेला होता. तिने तो त्याच्या कानावर खोचला होता तो चिडवायला, की बघ, मला कोणीतरी पाठवलाय.

मी इश्राककडे पाहिलं. तिच्या हातात अजून ते मडकं होतं, मुळांसकट.

ती म्हणाली, "दोन महिने तू वजदीकडे बघत होतास. एकदा मातीत बोट घातलं असतंस तर कळलं असतं. मी मूठभर उचलून दाखवली तरी तू तिच्याकडे बघितलं नाहीस. माझ्याकडेही नाही."

मी म्हणालो, तुझ्या भुवईला माती लागली होती.

तिने मग मडकं जपून खड्ड्यात परत ठेवलं, हात झटकले, आणि माझ्याशी नाही, त्याच्याशी बोलली. "वजदी, बाबांना म्हणावं तो विषय राहू दे."

बाबा तिथेच होते.

मी निघालो. मान ताठ ठेवून पायवाटेने निळ्या दारापर्यंत गेलो. हे दार जाड खजुराच्या लाकडाचं आहे. मी ठरवलं होतं की असं आपटायचं की पलीकडच्या गल्लीत कुत्री उठतील. बाहेर पडलो, कडी धरली, आणि दिसलं. दाराच्या आत, भिंतीला टेकून, साधी मातकट मडकी रचून ठेवलेली होती. नवी, कोरी, गलालाची. वजदीने आज सकाळीच आणून ठेवली असणार, पश्चिमेच्या बाजूसाठी. सगळ्यात वरचं दाराला टेकलं होतं.

दार हळूच ओढून घेतलं.